मुरब्याचा मृदंग्या

भूत, करणी, चकवा यातलं काहीही मी मानत नव्हतो... आणि खरं सांगायचं तर आजही फारसं मानत नाही. आमच्या घरात ते चालतच नसे. माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, मुंबईत गिरणी कामगार, पक्के लाल बावट्याचे. देव्हारा होता तो आईचा. अण्णांनी उभ्या जन्मात त्याला हात जोडले नाहीत, पण आईला कधी अडवलंही नाही. जे सांगणार आहे ते या माणसाच्या बाबतीत घडलं, म्हणून तर लिहायला बसलो. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी चहा संपायच्या आत निकालात काढलं असतं.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मध्याची. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत मी इन्स्ट्रुमेंट डिपार्टमेंटला सुपरवायझर होतो. प्रेशर गेज, थर्मोकपल, रेकॉर्डर, अशी दाब-तापमान मोजणारी उपकरणं – हे माझं काम. राहायला बोईसरला, स्टेशनच्या पश्चिमेला, तळमजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर अशी भाड्याची जागा. घरात मी, माझी बायको शैला आणि बाहेरच्या खोलीच्या एका अख्ख्या भिंतीवर माझा छंद.

छंद म्हणजे वाद्यं वाजवणाऱ्या मूर्ती. वाद्यं नव्हेत, हे आधी स्पष्ट करतो. मला स्वतःला टाळसुद्धा धड वाजवता येत नाही. लहानपणी तबल्याच्या क्लासला घातलं होतं, मास्तरांनी महिन्याभरात परत पाठवलं. बहुतेक त्यामुळेच असेल, पण वाजवणारा माणूस दिसला की मी बघत राहायचो. त्याची झुकलेली मान, मिटलेले डोळे... आणि मग तसंच लाकडात किंवा पितळेत घडवलेलं काही दिसलं की सोडवायचं नाही. पालघरच्या बाजारातली जुनी भांड्यांची दुकानं, बोईसरचे भंगारवाले, डहाणूकडच्या एका पारशी घराचं विकायला काढलेलं सामान – जिथून मिळेल तिथून आणायचो. वीणा घेतलेली सरस्वती, सारंगीवाला राजस्थानी, पाश्चात्त्य बाहुली होती एक चिनी मातीची, व्हायोलिन हनुवटीखाली धरलेली. मृदंग वाजवणारा गणपती. बासरीवाले कृष्ण तर अकरा, त्यातल्या सातांच्या हातात बासरी नव्हती. जुन्या कृष्णाची बासरी सगळ्यात आधी हरवते, हे मला या छंदात कळलं. ती वेगळी ओतून हातात नुसती अडकवलेली असते ना!

कंपनीत सगळे हसायचे. ‘इन्स्ट्रुमेंटवाला घरीही इन्स्ट्रुमेंटच जमवतो,’ म्हणायचे.

आई गेल्यावर आणि गिरणी बंद पडल्यावर अण्णा आमच्याकडे राहायला आले. लूम शेडमध्ये, मागांच्या खडखडाटात अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस. शेवटच्या काही वर्षांत कान जवळजवळ गेलेच होते, आमच्याकडे आले तेव्हा ठार बहिरे. डॉक्टरांनी मशीन लावून पाहिलं, उपयोग नाही म्हणाले. ते बोलायचे व्यवस्थित, जरा मोठ्याने. आम्ही पाटीवर लिहायचो. साधी शाळेची पाटी, शैलाने आणलेली. शैलाच्या ओठांवरून त्यांना बरंचसं कळायचं. माझ्या मिशीमुळे माझं कळत नसे.

पहिल्याच दिवशी भिंतीसमोर उभे राहिले, कमरेवर हात ठेवून सगळं बघितलं, आणि म्हणाले, “सुध्या, एवढी वाजंत्री मंडळी गोळा केलीस. यांचं वाजवणं आणि माझे कान, जोडी बरोबर जमली.”

आम्ही हसलो. पण ते हसण्यासारखं नव्हतं, हे हळूहळू लक्षात आलं. अण्णा गप्प होत चालले होते. दिवसभर खिडकीजवळच्या लाकडी हातांच्या खुर्चीत बसून राहायचे. पेपर वाचून संपला की परत पहिल्या पानापासून. जेवण अर्ध्यावर आलं. एकदा शैलाने पाटीवर लिहून विचारलं, काय होतंय? तर म्हणाले, “काही नाही गं. विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं वाटतं. वर माणसं दिसतात, हलतात, पण दोर कोणी टाकत नाही.”

शैला आत जाऊन रडली.

त्याच हिवाळ्यात मला मृदंग्या मिळाला. बोईसरला मिश्रा म्हणून एक भंगारवाला होता, उत्तर प्रदेशचा, माझा छंद त्याला ठाऊक होता. एका संध्याकाळी कंपनीतून येताना त्याने हाक मारली. “साहब, आपका एक आदमी आया है.” म्हणून लोखंडी पत्र्यांच्या ढिगामागून त्याने एक लाकडी मूर्ती काढली. हातभर उंच. मांडी घालून बसलेला माणूस, मांडीवर आडवा मृदंग, दोन्ही हात वाद्यावर टेकलेले. मान डावीकडे किंचित कललेली. मोठ्या कारागिराचं काम नव्हतं. नाक ओबडधोबड, कान तर नुसते खुंटीसारखे. पण बोटं! दहाच्या दहा बोटं इतकी निगुतीने कोरली होती की नखंसुद्धा होती. लाकूड सागाचं, कुठेकुठे निळा रंग उरलेला, माशाच्या तेलाचा हलका वास. बुडाशी एक काळा, नाण्याएवढा डाग. कुणा दुकानदाराची खूण असेल, असं मी धरलं. कुठून आली विचारलं तर मिश्रा म्हणाला, वापीकडून माल आणणाऱ्या ट्रकवाल्याने भंगाराबरोबर टाकली, त्याला जास्त काही माहीत नाही.

वरचे कप्पे भरलेले होते. म्हणून मृदंग्याला मी खालच्या कप्प्यात ठेवलं, अण्णांच्या खुर्चीच्या अगदी शेजारी. त्यात दुसरा काहीही विचार नव्हता.

पंधरा-वीस दिवस गेले असतील. माझी फर्स्ट शिफ्ट होती, साडेतीनला घरी आलो. दारातच ऐकू आलं – टक टक ठक... टक... ठक. बघतो तर अण्णा डोळे मिटून खुर्चीच्या दोन्ही हातांवर तळव्यांनी ठेका धरून बसलेले. चेहरा इतका निवांत की मी तसाच उभा राहिलो. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले, मला पाहिलं, जरासे ओशाळले.

मी पाटीवर लिहिलं, “काय वाजवताय?”

“मी नाही,” त्यांनी हनुवटीने खाली दाखवलं. “हा वाजवतोय. मी नुसता साथीला.”

मला वाटलं थट्टा आहे. पण ते थट्टेच्या सुरात नव्हते. म्हणाले, “कानाने नाही रे ऐकू येत. हाडात येतं. शेडमध्ये कसं पायातून वर यायचं, लूम बघायची गरज नसे, कुठल्या मागाचा धोटा चुकतोय ते टाचेला कळायचं... तसं. रोज दुपारी तीन-सव्वातीनला सुरू करतो. अर्धा तास. मग थांबतो.”

मी इन्स्ट्रुमेंटवाला माणूस. पहिला विचार आला तो कंपनांचा. रेल्वेलाइन जवळ, मालगाड्या जातात. शेजारच्या इमारतीचा पाण्याचा पंप. दुसऱ्या दिवशी साहेबांना विचारून प्लांटमधला व्हायब्रेशन मीटर घरी आणला. पोचताच त्याचा पिकअप, म्हणजे कंपन टिपणारं टोक, मूर्तीला लावला, मग कप्प्याला, मग फरशीला, मग खुर्चीला. अण्णांच्या हातांचा ठेका चालू. मी त्यांना हात उचलायला सांगितलं. काटा शून्यावर. “आता वाजतंय?” मी लिहिलं. “वाजतंय की,” ते म्हणाले. काटा हलला नाही. मालगाडी गेली तेव्हा मात्र थरथरला, म्हणजे मीटर चालू होता.

मग एका रविवारी मी आणखी एक प्रयोग केला. मृदंग्या आणि साधारण त्याच उंचीच्या आणखी तीन मूर्ती शैलाने वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधल्या आणि ओळीने मांडल्या. मी तोवर बाहेर, म्हणजे माझ्या चेहऱ्यावरूनही कळायला नको. अण्णांनी उचलायचं नाही, नुसता वरून हात ठेवायचा. तिसऱ्यावर हात ठेवून म्हणाले, “हा.” बरोबर निघालं. पाच वेळा अदलाबदल केली, पाचही वेळा बरोबर. शैला म्हणाली, वासावरून ओळखत असतील. शक्य आहे. तंबाखूने अण्णांचं नाक कधीच कामातून गेलं होतं, पण शक्य आहे, मी नाकारत नाही. सहाव्यांदा मांडामांड सुरू झाली तर अण्णा वैतागले, “सुध्या, पोरखेळ पुरे. तो वाजवतोय तर वाजवू दे!”

मी सोडून दिलं. कारण एक गोष्ट डोळ्यांसमोर होती – अण्णा पूर्ण जेवायला लागले होते. शैलाला हाका मारून गिरणीतल्या गमती सांगायचे. तीन वाजायच्या आधी तोंड धुऊन, स्वच्छ सदरा घालून खुर्चीत बसायचे, कार्यक्रमाला जावं तसे.

फक्त एक केलं मी. प्लांटमधल्या रेकॉर्डरच्या जुन्या चार्ट पेपरवर त्यांचा ठेका पेन्सिलीने टिपून ठेवला. आठ ठोक्यांचं आवर्तन. सहावा ठोका प्रत्येक वेळी रिकामा, आणि सातवा डाव्या हाताचा जोरकस. दहा-बारा दिवस टिपलं, एकदाही फरक नाही. पालघरला एक तबल्याचे शिक्षक होते, त्यांच्यापुढे कागद ठेवला. त्यांनी मांडीवर वाजवून पाहिलं. “साधा भजनी ठेका आहे हो, पण एक आघात गाळलाय. चुकून नाही, ठरवून गाळलाय. असं कुणी वाजवत नाही.”

अण्णांनी आयुष्यात भजनाला पाय ठेवलेला नव्हता.

मग यमुनाबाई आल्या.

आमच्याकडे मासळी घेऊन येणारी बाई आजारी पडली होती, म्हणून एका शनिवारी तिच्या बदली दुसरी आली. चाळिशीची, उंच, समुद्रकाठच्या मुरब्याची. त्या दिवशी वेळ झाला होता, तीन वाजून गेले होते. शैला दाराबाहेर ओट्याजवळ मांदेली निवडत होती, मी नुकताच आलो होतो. आतून ठेका ऐकू येत होता. बाई पैसे घ्यायलाही हात पुढे करेना. मासळीच्या टोपलीवरच तिचा हात तसाच राहिला.

“बाय,” ती शैलाला म्हणाली, “आत कोन वाजवतंय?”

“सासरे आहेत माझे. सवय आहे त्यांना.”

“कुठले तुमचे सासरे? मुरब्याला भजनाला यायचे काय कधी?”

“छे हो. ते मुंबईचे, गिरणीतले. इथे येऊन वर्ष नाही झालं.”

बाई उठली आणि न विचारता उंबऱ्यापर्यंत आली. अण्णांचे डोळे मिटलेले. ती बघत राहिली, ओठांनी मोजत होती बहुतेक. मग म्हणाली, “ती जागा सोडली बघा... परत सोडली. हा माझ्या बाचा ठेका हाय.”

मी म्हटलं, भजनी ठेका सगळीकडे सारखाच असतो.

“नाय हो दादा. माझ्या बाची दोन बोटं जाळ्याच्या दोरात गेलेली, उजव्या हाताची. तो ठोका त्याचा नीट लागायचा नाय. मग तो बोलायचा, वंगाळ वाजवण्यापरीस गप बसलेलं बरं. तेवढी जागा सोडून द्यायचा. सगळ्या गावाला ठावं हाय. आमी पोरं त्या जागेला टाळी द्यायचो.”

आणि मग तिची नजर खाली गेली, कप्प्यावर. ती तिथेच उंबऱ्यात बसली.

शैलाने पाणी दिलं. तिने सांगितलं ते असं. तिचे वडील पांडुरंग... गावात पांडूदादा. गावच्या भजनाचे मृदंगवाले. मासेमारीला बोटीवर गेले की मृदंग नेता येत नसे, खाऱ्या हवेत कातडं खराब होतं. म्हणून बोटीच्या उरलेल्या लाकडातून त्यांनी स्वतःच ही मूर्ती कोरली आणि बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेजवळ बसवून टाकली, बोटीबरोबर तिलाही निळा रंग दिला. “आमी हसायचो त्याला,” ती म्हणाली, “तुझ्या हाताला आठ बोटं, ह्याला धा कशी? तर बोलायचा, लाकडात तरी पुरी करून घेऊ दे.”

एका वर्षी बोट समुद्रात गेली ती परत आली नाही. चार माणसं होती. कुणीही मिळालं नाही, फळकुटसुद्धा नाही. त्याला एकोणीस वर्षं झाली होती.

“आणि तुमच्या आई?” शैलाने विचारलं.

“हाय ना. वाट बघते अजून. गळ्यातलं काढत नाय, कुंकू पुसत नाय. दिवस घालू देत नाय. आमच्या घरात भजन बंद, कुनी मृदंगाला हात लावायचा नाय. आता दिसत पन नाय तिला धड, तरी दारात बसते.” मग हळूच म्हणाली, “आयला सांगू काय, दादा?”

मी म्हटलं, थोडे दिवस थांबा.

का म्हटलं? आज लाज न बाळगता सांगतो. पहिलं कारण हावरटपणा. जमवणाऱ्या माणसाला एक कीड असते, आलेली वस्तू जाऊ द्यायची नाही. मी मनात असाही हिशेब केला की तिला दुसरी एखादी चांगली पितळी मूर्ती द्यावी. दुसरं कारण, निदान तेव्हा मी स्वतःला सांगितलेलं – अण्णा. कितीतरी महिन्यांनी माणूस विहिरीतून वर आला होता. तो दोर मी कापायचा?

शैला माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. अण्णांना आम्ही काहीच सांगितलं नाही. त्यांचं रोज तीनला सुरूच.

पुढच्या शनिवारी यमुनाबाई परत आल्या. टोपली खाली न ठेवताच म्हणाल्या, “दादा, मी आयला अजून बोलली नाय. तुमी देनार नसाल तर बोलत पन नाय. उगाच तिला आशा लागंल.” रागाचा लवलेश नाही आवाजात. तेच जास्त लागलं.

ती गेल्यावर मी पाटी घेतली आणि अण्णांसमोर बसलो. पाटी तीन वेळा भरली, तीन वेळा पुसली. ठेका, तुटलेली दोन बोटं, बुडालेली बोट, एकोणीस वर्षं, दारात बसलेली म्हातारी – सगळं लिहिलं. अण्णा वाचत गेले. शेवटचं पुसू दिलं नाही, हातात धरून बसले.

“हे तुला कधी कळलं?”

मी बोटांनी आठ दाखवले. आठ दिवस.

“आठ दिवस गप्प बसलास?” त्यांचा आवाज चढला. मग एकदम उतरला. “माझ्यासाठी बसलास, कळतंय मला. पण सुध्या, तिचा नवरा आहे तो. माझा कोण? उद्या रविवार ना? उद्याच जाऊ.”

मी लिहिलं, “तुमचं वाजणं बंद होईल.”

त्यांनी वाचलं, पाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “होईल तर होईल.”

रविवारी सकाळच्या एस.टी.ने निघालो. मूर्ती अण्णांच्या मांडीवर, शैलाच्या जुन्या साडीत गुंडाळलेली. ते कुणाला हात लावू देईनात. मुरब्याला उतरलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. काठ्यांवर बोंबील सुकायला लावलेले, बायका जाळ्याजवळ बसलेल्या, खाडीपलीकडे सातपाटीच्या बोटी दिसत होत्या. आदल्या संध्याकाळी बाजारातल्या कोळणींकडून निरोप धाडला होता, म्हणून यमुनाबाई रस्त्यावरच थांबल्या होत्या. घर समुद्राच्या बाजूला तोंड करून. दारात एक लहानशी म्हातारी, हिरव्या बांगड्या, कपाळाला ठसठशीत कुंकू. डोळ्यांवर पांढरा पडदा आलेला.

“आय, बोईसरची मानसं आलीत,” यमुनाबाई म्हणाल्या. “तुला काय तरी दाखवायला आनलंय.”

“मला काय दाखवता,” म्हातारी म्हणाली, “दिसतंय कुठं मला?”

अण्णांना ती काय बोलली ते कळलं नसणार. ते खाली बसले, साडी सोडली आणि मूर्ती तिच्या मांडीवर ठेवली.

तिने चाचपून पाहिलं. डोकं, कान, मृदंग. मग एकेक बोट. दहाही मोजली. नंतर तिने मूर्ती आडवी केली आणि थेट बुडाशी हात नेला, त्या काळ्या डागावर अंगठा ठेवला.

“चुलीतला कोळसा लावलेला मी,” ती म्हणाली. “रागानं. मी बोलली, घरात खायला बसतोस ते पन ह्याला घेऊन? नि जळका कोळसा टेकवला. तो हसला निस्ता.”

दुकानदाराची खूण म्हणून मी तो डाग शैलाला कौतुकाने दाखवला होता.

पावणेअकरा-अकराचा सुमार असेल. रोजची तीनची वेळ नव्हती. तरीही अण्णांनी एकदम मान वर केली, जणू कोणी खांद्याला हात लावला. म्हणाले, “सुरू झालं.” समोर एक पाट होता, तो त्यांनी जवळ ओढला आणि दोन्ही हातांनी साथ धरली. तोच ठेका. आठ ठोके, सहावा रिकामा. आजूबाजूच्या दोन-चार बायका दाराशी येऊन उभ्या राहिल्या. एक म्हातारा मच्छीमार आला, त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. म्हातारी डुलत नव्हती, रडत नव्हती. मूर्तीच्या हातांवर आपले हात ठेवून बसली होती. यमुनाबाई मात्र दर आवर्तनाला त्या रिकाम्या जागी हलकेच टाळी देत होत्या. लहानपणासारखी.

किती वेळ चाललं सांगता येणार नाही. दहा मिनिटं असतील. मग आवर्तनाच्या मधेच, समेवर न येता, अण्णांचे हात वरच थांबले.

“थांबला,” ते म्हणाले. “हात उचलला त्याने.”

आणि त्याच वेळी, अगदी त्याच वेळी, म्हातारी लेकीकडे तोंड वळवून म्हणाली, “यमुने, पोचला गं तो.”

अण्णांना तिचं ऐकू येणं शक्य नव्हतं. तिला अण्णांचे हात दिसणं शक्य नव्हतं. ठेका थांबला म्हणून किंवा अण्णांच्या बोलण्यावरून ती म्हणाली असेल असं मी नंतर शंभर वेळा स्वतःला सांगून पाहिलं. पण मी दोघांच्या मधे बसलो होतो. दोन्ही वाक्यं एकमेकांत मिसळून आली. कुणी कुणाची वाट पाहिली नाही.

दुपारी त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. भात आणि बोंबलाचं कालवण. म्हातारी अण्णांना स्वतःच्या हाताने वाढत होती, अंदाजाने, ताटाची कड चाचपत. अण्णा तीनदा पुरे म्हणाले, तिने चौथ्यांदा वाढलं.

पुढच्या शनिवारी यमुनाबाई मासळी घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, आईने दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना बोलावलं आणि वडिलांचे दिवस घालायला सांगितलं. एकोणीस वर्षांनी. गळ्यातलं तिने स्वतः काढलं, बांगड्या समुद्रावर जाऊन सोडल्या. रडली त्या दिवशी, मनसोक्त रडली. आणि मूर्ती? ती घरातच आहे. भजन परत सुरू झालं. घरातला मृदंग बाहेर काढला, नवं कातडं चढवायला दिला.

अण्णांना मात्र त्यानंतर काहीही ऐकू आलं नाही. पहिले काही दिवस तीन वाजता ते खुर्चीत बसायचे, मग ते सोडून दिलं. मला भीती होती की परत गप्प होतील. तसं झालं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी म्हणायचे, “चल रे, मुरब्याला जाऊन येऊ.” मी त्यांना नेऊन सोडायचो. दोन म्हातारी माणसं दारात बसायची, एकाला ऐकू येत नाही, दुसरीला दिसत नाही. काय बोलायची देव जाणे, पण तास-तास बोलायची. एकदा मी लांबून पाहिलं तर ती त्यांच्या तळहातावर बोटाने ठोके देऊन काहीतरी सांगत होती आणि अण्णा हसत होते.

चार वर्षांनी अण्णा गेले. त्याआधी एकदा, बरे होते तेव्हा, मी पाटीवर सरळ विचारलं होतं, “अण्णा, ते काय होतं? तुम्ही तर देवसुद्धा मानत नाही.”

“अजूनही नाही मानत,” म्हणाले. “मला काय माहीत काय होतं ते. मी फक्त ऐकलं.”

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी निवृत्त झालो, अजूनही बोईसरलाच आहे. वास, कंपनं, योगायोग, म्हाताऱ्या माणसाच्या मनाचे खेळ – एकेक कारण लावून पाहिलं. प्रत्येक कारण थोडं थोडं पुरतं आणि मग कुठेतरी कमी पडतं. दोन तुटलेल्या बोटांचा ठेका अण्णांच्या हातात कुठून आला, आणि एकोणीस वर्षांपूर्वी बुडालेल्या बोटीवरचं लाकूड वापीच्या ट्रकमध्ये कसं सापडलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मिळेल असंही आता वाटत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा. मी वाद घालणार नाही.